ढगळरावांचा नवा कोट

माझ्या मावशीला बिघडलेली कुठलीही गोष्ट आहे तशी सोडवत नाही. बसथांब्यावर पुढे उभ्या असलेल्या माणसाची कॉलर आत दुमडलेली दिसली की तिचे हात शिवशिवायला लागतात. एकदा तिने ओळख ना देख अशा एका गृहस्थाची कॉलर खरोखरच बाहेर काढली. तो दचकून वळला, तर त्यालाच म्हणाली, "हलू नका." तिच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, नजरेचं आता काही होणं शक्य नाही, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगत होते तेव्हा ही बाई खिडकीपाशी उभी राहून दवाखान्याच्या पडद्याची लोंबणारी दुमड टाचणीने वर घेत होती. डॉक्टरांना वाटलं, बाईंचं लक्षच नाही. मला विचाराल तर त्या खोलीत सगळ्यात जास्त लक्ष तिचंच होतं. ऐकवत नव्हतं, म्हणून हात चालू होते.

मावशी आणि काका यांचं कपडे दुरुस्त करण्याचं दुकान. नवं काही शिवायचं नाही, फक्त अल्टरेशन. पँट आखूड करणे, कोट कमरेत घेणे, चेन बदलणे, वाढत्या पोटासाठी आतली शिलाई सोडणे, आणि उतरत्या पोटासाठी (हे गिऱ्हाईक क्वचितच येई) ती परत घेणे. दुकान अरुंद आणि खोल. काचेच्या दारातून आत आलं की डावीकडे मावशीचं मशीन, उजवीकडे काकांचं कापायचं टेबल, त्याला लागून त्यांचं उंच स्टूल, मागे इस्त्री, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. त्या पडद्यामागून बाहेर येणारा माणूस आधी आरशात बघतो आणि मग मावशीच्या तोंडाकडे. खरं उत्तर तिथे असतं.

मी समोरच्या औषधांच्या दुकानात काम करते. दुपारचा डबा रस्ता ओलांडून मावशीकडेच खायचा, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. काका मला डॉक्टरीणबाई म्हणत. "गोळ्या ओळखतेस म्हणजे निम्मी डॉक्टर झालीस की," असं त्यांचं म्हणणं. काका कापायचे, मावशी शिवायची, आणि जेवण झाल्यावर दारावर 'थोड्या वेळाने या' अशी पाटी लावून काका मोठ्याने वाचायचे. हे मी अगदी लहान असल्यापासून बघत आले आहे. हातशिलाईची कामं मावशी मुद्दाम दुपारसाठी राखून ठेवी, कारण मशीन चालू असलं की ऐकू येत नाही. काका एका हातात पुस्तक धरत, दुसऱ्या हाताने टेबलावर ताल धरल्यासारखं बोट आपटत, आणि गोष्ट रंगात आली की बोट थांबे. ते थांबलं की मावशीची सुईही थांबे.

त्यांनी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण जीव होता तो एकाच लेखकावर. त्याचं नाव या दुकानात कुणी घेत नसे. त्याच्या पहिल्या कादंबरीच्या मागच्या बाजूला त्याचा फोटो होता आणि त्या फोटोत त्याने घातलेला कोट खांद्यांवरून असा ओघळला होता की काकांनी फोटो बघताक्षणी म्हटलं, "हे कोण ढगळराव?" तेव्हापासून तो ढगळराव. दुसऱ्या पुस्तकावरही तोच कोट, तिसऱ्यावरही तोच. "एकदा आणून दिला असता तर दुपारच्या आत खांदे उचलून दिले असते," असं काका दर पुस्तकाला म्हणत. पुस्तकांचीही खरी नावं कुणी वापरत नसे. एक 'चहा सांडलेलं', एक 'पाठ मोडलेलं', एक 'मास्तरांनी नेऊन वर्षाने परत आणलेलं'.

ढगळरावाला माणसं कळत, पण कपड्यांतलं ओ की ठो कळत नसे. 'पाठ मोडलेलं'मध्ये एक पुरुष कोट चढवतो आणि त्या कोटाला बटणं बायकांच्या बाजूला. दुसऱ्या एका पुस्तकात एक बाई नवऱ्याचा लोकरी कोट उकळत्या पाण्यात धुते आणि दुसऱ्या दिवशी तो नवरा तोच कोट घालून कचेरीत जातो. "बाहुलीच्या कचेरीत गेला असेल," काका म्हणाले होते, आणि दोघं इतकी हसली की मावशीच्या बोटाला सुई लागली. पुढे कित्येक वर्षं कुणाचा कपडा धुऊन आटला की दोघांपैकी एकजण "कचेरीत" एवढंच म्हणे. गिऱ्हाईक बिचारं बघत राही. त्या चुकांमुळे ढगळराव त्यांना जास्तच घरचा वाटत असे. ज्याला नावं ठेवायचा हक्क आहे, असा.

सगळ्यात लाडकं म्हणजे 'चहा सांडलेलं'. त्यात पुलाच्या नाक्यावर टोल गोळा करणारी एक बाई आहे. तिला खोक्यासारख्या केबिनच्या खिडकीतून फक्त माणसांचे हात दिसतात, आणि हातांवरून ती माणसं ओळखते. बोलते फार थोडं. बहिणीशी भांडण झालेलं असतं, कशावरून ते कळत नाही. शेवटी एका पहाटे ती केबिनचा दिवा तसाच जळता ठेवून निघून जाते आणि पुस्तक संपतं. ती कुठे गेली यावर मावशी आणि काका माझ्या आठवणीत कायम भांडत आले. काका म्हणत, बहिणीकडे गेली, दुसरीकडे जाणारच कुठे? मावशी म्हणे, छे, ती असल्या बहिणीच्या दारात पाऊल टाकणारी नाही. बाहेर जाऊन पुलावर वाऱ्यात उभी राहिली असेल, बस. घरात मीठ कमी पडण्यावरून भांडण नाही झालं, पण या बाईवरून दोन-दोन दिवस अबोला झालेला मी पाहिला आहे.

मग काकांची नजर गेली. आधी कडेने गेली, मग मधूनही. कैची ठेवावी लागली. मावशीने कापायचं काम आपल्याकडे घेतलं आणि काकांना स्टुलावर बसवून बटणं वेगळी करायला दिली, पण ते काम लुटुपुटीचं आहे हे त्यांना कळत होतं. थोड्या दिवसांनी ते दुकानात येईनात. घरी पलंगाच्या कडेला बसून राहायचे. रेडिओ लावला तर बंद कर म्हणायचे. वाचून दाखवू का म्हटलं तर म्हणायचे, "वाचायचं काम माझं होतं." मावशी दुकानात एकटी डबा खायची आणि माझ्याशीही धड बोलायची नाही. "माणूस घरात आहे आणि नाही," एवढंच एकदा म्हणाली.

अशात ढगळरावाची नवी कादंबरी आली. मधे इतकी वर्षं गेली होती की तो आहे की गेला याचीच शंका होती. पुस्तकाच्या दुकानाच्या काचेत मला ती दिसली आणि मी तिथेच उभी राहिले, कारण मलपृष्ठावर लिहिलं होतं की नाक्यावरची बाई परत आली आहे. मी ती घेतली आणि थेट मावशीच्या घरी गेले. काकांना सांगितलं. ते पलंगाच्या कडेवरून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या मला दुकानात न्या." आणि मावशीला म्हणाले, "तू वाच." मावशी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी नव्हतीच घासायला.

दुसऱ्या दिवशी काका स्टुलावर बसले, पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, पाठ चाचपली. मग विचारलं, "फोटो आहे?"

"आहे," मावशी म्हणाली.

"कोट?"

मी मावशीच्या खांद्यावरून बघत होते. फोटोत ढगळराव म्हातारा झाला होता, पण कोट नवा होता. अंगाबरोबर शिवलेला, खांद्यावर एक सुरकुती नाही. मावशी फोटोकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा मी पडद्याबाहेर आलेल्या गिऱ्हाइकासमोर पाहते तसा झाला.

"तोच आहे," ती म्हणाली. "ढगळ."

काका खूश झाले. मीही गप्प बसले. एवढंसं खोटं, त्याने कुणाचं काय बिघडणार, असं मला वाटलं.

आता या घरात एक कायदा होता: पुढचं चोरून वाचायचं नाही. दोघांनी गोष्ट एकत्र ऐकायची, एकत्र चकित व्हायचं. पण मावशीने जन्मात कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. आपण अडखळलो तर ह्यांना स्वतःचा वाचतानाचा आवाज आठवेल, या धास्तीने ती रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तासभर येऊन त्या दिवसाचं प्रकरण तालमीसारखं वाचून ठेवू लागली. आणि कायदा मोडणाऱ्याला मिळायची ती शिक्षा तिला मिळाली. कादंबरी वाईट आहे, हे तिला एकटीलाच आधी कळलं.

मीही त्याच सुमाराला औषधांच्या दुकानात दुसरी प्रत ठेवून वाचत होते, म्हणून सांगते. वाईट म्हणजे साधी वाईट नव्हे. ज्या बाईने आधीच्या आख्ख्या पुस्तकात चार वाक्यं धड बोलली नसतील, ती आता खिडकीतून हात बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रवचनं देत होती. आयुष्य म्हणजे काय, पूल म्हणजे काय, पैसे सुटे का असावेत. एका प्रकरणात एक प्रसिद्ध लेखक गाडी थांबवतो आणि ती त्याला सांगते की तुमच्याइतकं आम्हा बायकांचं मन कुणाला कळलं नाही. मी पुस्तक मिटून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांमागे ढकललं. मला त्या माणसाचा राग आला होता आणि अजून आहे. तुझं नाव झालं, कोट अंगाला बसला, आता निदान त्या बाईला तरी सुखाने राहू द्यायचं होतंस.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा मावशी नेमकं तेच लेखकाचं प्रकरण वाचत होती. प्रवचनं ऐकायची मनाची तयारी करून मी बाकावर बसले, आणि ऐकते तर काय, प्रसिद्ध लेखकाचा पत्ताच नाही. त्याच्या जागी एक ट्रकवाला आला होता. त्याचा हातमोजा अंगठ्यापाशी उसवलेला होता. पैसे देताना तो मोजा खिडकीच्या चौकटीत अडकून तिथेच राहतो. नाक्यावरची बाई तो उलटा करून शिवते, अंगठ्यावर ताण येतो म्हणून तिथे दुहेरी टाके घालते, आणि ट्रकवाल्याची वाट बघते. तो आठवड्याने परत येतो तेव्हा ती मोजा पुढे करते. तो घालतो, मूठ उघडतो, मिटतो आणि निघून जातो. ती काही बोलत नाही. तोही नाही.

काकांचं टेबलावर आपटणारं बोट थांबलं होतं.

"आहे गं," ते हलकेच म्हणाले. "अजून आहे ढगळराव."

मी मावशीकडे पाहिलं. तिने पुस्तक डोळ्यांसमोर नीट धरलं होतं, पान योग्य वेळी उलटलं होतं, पण तिचे डोळे पानावर नव्हते. बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. ती म्हणाली, "आधी नुसती पानं गाळत होते. मग गाळून उरेना काही. काय करू? हे स्टुलावर बसायला लागलेत. काल बटणं स्वतःहून मागितली. आता ह्यांना सांगू, की तुमचा माणूस पार ढेपाळला?"

"पण मावशी, हे असं किती दिवस?"

"पुस्तक संपेपर्यंत," ती म्हणाली. "बाहेरून तोच कोट दिसायला हवा. आतून मी काय वाट्टेल ते करेन."

तिने ते केलं. मशीन चालवताना ती पुटपुटायची, मधेच पाय थांबवून छताकडे बघायची, चेन लावता लावता "नको, तिने दार नाही उघडायचं" असं स्वतःशी म्हणायची. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, बाईंचं वय झालं. काका मात्र खरंच माणसात आले. रोज दाढी करून यायचे. मला विचारायचे, "डॉक्टरीणबाई, काल ऐकलंस का, काय लिहिलंय?" मी मान हलवायचे, आणि त्यांना ती दिसत नाही हे आठवून मग तोंडाने "हो" म्हणायचे.

एकदाच सगळं उघडं पडायची वेळ आली. शाळेतले मास्तर, पुस्तक वर्षाने परत करणारे तेच, पँट आखूड करायला आले. टेबलावर कादंबरी बघून म्हणाले, "अरे, तुम्ही पण फसलात का? काय हो हे लिहून बसलाय म्हातारा! ती नाक्यावरची बाई तर नुसती..." मावशीने मशीनवर असा पाय दिला की काचा थरथरल्या. मास्तरांचे ओठ हलत होते आणि मशीन धडधडत होतं. कुठलं कापड सुईखाली होतं देव जाणे. मास्तर दमून गप्प झाले तेव्हा तिने पाय उचलला आणि म्हणाली, "उद्या या."

काका जरा वेळाने म्हणाले, "मास्तरांच्या पँटला फारच लांब शिलाई लागली."

"जाड कापड आहे," मावशी म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मावशी दोरे आणि चेन आणायला बाजारात गेली होती आणि मी काकांजवळ बसले होते. ते बटणं वेगळी करत होते, चार भोकांची एका डबीत, दोन भोकांची दुसरीत. हात न थांबवता म्हणाले, "पुस्तक घे. शेवटचं प्रकरण वाच."

"अहो काका, मावशी वाचतेय ना. पुढचं चोरून..."

"ती शिवतेय," काका म्हणाले. "तू वाच. त्याने लिहिलंय ते."

तुम्हाला कधी कळलं, असं मी विचारलं. ते हसले. "तो हातमोजा," म्हणाले. "अंगठ्यावर दुहेरी टाके. अगं, ज्याला बटणं कुठल्या बाजूला लावतात ते माहीत नाही, त्याला मोजा उलटा करून शिवतात हे कुठून कळणार? तेव्हापासून एका प्रकरणात कपडा चुकला नाही. मी रोज वाट बघतो, आता चुकेल, आता चुकेल. एक कोट नाही आटला."

मग मी वाचलं. त्यात शेवटी ती बाई पुलाच्या मधोमध उभी राहते, गाड्या थांबतात, लोक उतरतात, आणि ती त्यांना पुलाचा अर्थ समजावून सांगते. लोक टाळ्या वाजवतात.

"टाळ्या?" काका म्हणाले.

"हो."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी हातातलं बटण डबीत टाकलं नाही, मुठीतच ठेवलं. त्यांचा चेहरा मी डॉक्टरांकडेही तसा पाहिला नव्हता. मग म्हणाले, "अरेरे. काय केलंस रे, माणसा." आणि थोड्या वेळाने, "मला वाईट वाचायला मिळालं याचं काही नाही. वाईट पुस्तकं आम्ही पुष्कळ वाचली. पण याच्यावर चिडायला मला तुझी मावशीच हवी होती, आणि नेमकं तिच्याशीच बोलता येत नाही."

"मग सांगून टाका ना तिला."

"कसं सांगू? एवढं उसवून तिने शिवलंय. तिच्या हातचं वाईट नाही गं, चांगलंच आहे. पण मी कळलं म्हटलं की ती एक शब्द पुढे वाचणार नाही, तोंड लपवून बसेल. गिऱ्हाइकाने घालून बघायचं आणि छान झालं म्हणायचं. मी आहे तोवर तू बोलू नकोस. मागाहून तुला वाटलं तर बघ."

मावशी परत आली, दोरे दाखवू लागली, आणि काकांनी विचारलं, "आज पुढचं किती?" आवाजात इतकी उत्सुकता, की मला त्या दोघांचं हसू यावं की रडू ते कळेना.

शेवटचं प्रकरण तिने लगोलग वाचलं नाही. दोन-तीन दिवस काही ना काही निमित्त काढलं. मग एका दुपारी पाटी लावली, पुस्तक उघडलं आणि वाचलं. तिच्या प्रकरणात ती बाई पुलावर उभी राहत नाही. ती चालत चालत एका घराशी येते आणि दार वाजवते. बहिणीचं घर.

मला धक्काच बसला. इतक्या वर्षांचं भांडण मावशीने असं काकांच्या पदरात टाकून दिलं होतं. सुई टेबलावर पडलेली होती.

"दार उघडलं?" काकांनी विचारलं.

"उघडलं."

"काही बोलली बहीण?"

मावशीने पानावर बघितल्यासारखं केलं. "बोलली. 'जेवलीस का?' म्हणाली."

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "बघ. मी सांगत नव्हतो? जिंकलो." आणि हात पुढे केला. मावशीने पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मागच्या बाजूवरून, जिथे फोटो होता तिथून, अंगठा फिरवला. "अजून ढगळच ना?" त्यांनी विचारलं.

"ढगळच," मावशी म्हणाली.

त्यानंतर दुकानात दुसरं पुस्तक सुरू झालं नाही. मावशी म्हणायची, एवढ्यात नको, जरा हे मनात राहू दे. काका बरं म्हणायचे. दोघंही दुपारी शेजारी बसून राहायची, एकमेकांशी जपून बोलायची, पाहुण्यांशी बोलावं तशी. आधी पुस्तक संपलं की आठवडाभर त्याचीच चिरफाड चाले, हा असं का वागला, ती तशी का बोलली, ह्याने तिथे थांबायला हवं होतं. या पुस्तकावर कुणी काही बोललं नाही. आवडलं म्हणून नाही बोलले, असं मावशीला वाटलं. काका का नाही बोलले ते मला माहीत होतं.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं आटपलं होतं.

मावशीने दुकान काही दिवस बंद ठेवलं आणि मग उघडलं. हात पूर्वीसारखे चालेनात. मास्तरांच्याच दुसऱ्या पँटचा एक पाय आखूड आणि एक लांब शिवला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. मी डबा घेऊन गेले तेव्हा मावशी ती पँट मांडीवर घेऊन नुसती बसली होती. म्हणाली, "मी ह्यांना फसवलं गं. शेवटचं पुस्तक म्हणून माझं घरचं काहीतरी गळ्यात मारलं. कोटाचंही खोटं सांगितलं. डोळे नसलेल्या माणसाला फसवायचं म्हणजे काय, सांग. रोज तेच येतं मनात."

मला वाटलं, हिचं ओझं उतरवायची हीच वेळ. काकांनी मोकळीक दिलेलीच होती. मी सगळं सांगितलं. मोजा, दुहेरी टाके, टाळ्या, मुठीतलं बटण. सांगताना मला वाटत होतं की तिचा जीव भांड्यात पडेल.

आधी ती हसली. खरंच हसली. "दुहेरी टाके! मेली माझी खोड," म्हणाली. मग हळूहळू हसू मावळलं.

"म्हणजे ह्यांना माहीत होतं."

"हो."

"वाईट आहे ते माहीत होतं. टाळ्याबिळ्या सगळं."

"हो, मावशी. म्हणजे तू फसवलं नाहीस."

"ते मरू दे," ती म्हणाली. "अगं, मग आम्ही दोघंही... इथेच बसलो होतो. मी इथे, हे तिथे. दोघंही त्याच्यावर धुमसत होतो, आणि दोघंही तोंड भरून वाहवा करत होतो. माझा संताप गिळता गिळता जीव नकोसा झाला होता, माहितीये? कुणापाशी बोलू म्हणून. आणि हे हातभर अंतरावर." तिने डोळे पुसले. "कसला धुतला असता आम्ही त्याला. महिनाभर पुरला असता. ती शेवटची मजा होती गं आमची, आणि मी तिचंच अल्टरेशन केलं."

मी डबा उघडला आणि परत मिटला.

तिने उठून दारावर पाटी लावली. फळीवरून ढगळरावाचं पुस्तक काढलं, आपल्या मशीनपाशी बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. या वेळी डोळे पानावर होते. एक शब्द गाळला नाही. पहिलं प्रवचन आलं, पुलाचं, मग सुट्या पैशांचं. तिथे ती थांबली, मान वळवली आणि स्टुलाकडे बघून म्हणाली, "ऐकलंत का? सुटे पैसे म्हणे." आणि थांबली. काका कैची खाली ठेवून काहीतरी तिखट बोलायला जेवढा वेळ घेत, तेवढा वेळ थांबली असेल. समोरच्या रस्त्यावरून एक बस गेली आणि काच थोडी वाजली.

तिने पान पुढे उलटलं नाही. पुस्तक मिटून टेबलावर, त्यांच्या बाजूला ठेवलं.

"एकटीला हसू येत नाही गं," ती म्हणाली, आणि मास्तरांची पँट उसवायला घेतली.